बशीतला नाताळ : उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर

डिसेंबर उजाडला की बदलापूरच्या नव्या इमारतींतून, अंबरनाथच्या जुन्या कामगार वसाहतींतून आणि उल्हासनगरच्या कॅम्पांतून नाताळची आमंत्रणे फिरू लागतात. पूर्वी ती मिस्सेनंतर चर्चच्या आवारात तोंडी दिली जात. आता ती मोबाईलवर येतात आणि त्यांत एक ओळ हमखास असते : संध्याकाळी सात ते दहा, कॉकटेल व स्टार्टर्स. ही ओळ वाचून काही घरांत आनंद होतो, तर काही घरांत चिंता सुरू होते. आज त्यांच्याकडे गेलो, तर उद्या त्यांना आपल्याकडे बोलवावे लागेल, आणि बोलवायचे तर केटररच्या दरपत्रकापुढे पगार पुरणार कसा? मग कोणी उसनवारी करून थाट करतो, कोणी प्रकृतीचे निमित्त सांगून जाणेच टाळतो. आमच्या धर्मग्रामांतील लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकांना येणारी काही कुटुंबे डिसेंबरातच नेमकी दिसेनाशी होतात, त्याचे एक कारण हे आहे. या दुराव्यावर उपाय शोधताना आम्ही पाककृतींच्या पुस्तकाऐवजी इतिहासाकडे वळलो. थोडक्या पैशांत देखणी बशी कशी भरावी, हा प्रश्न या तीन गावांतील ख्रिस्ती गृहिणींनी आपल्या आधी अनेकदा सोडवलेला आहे.

आरंभ शब्दांपासून करू. 'कॉकटेल' या शब्दाचा अर्थ मे १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितला होता : कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण. त्या पेयाभोवती घरी पाहुणे जमवण्याची रीत मात्र बरीच अलीकडची. १९१७ साली सेंट लुईस शहरातील एका धनिक स्त्रीने रविवारी दुपारी दिलेल्या अशा मेजवानीची बातमी वृत्तपत्रांत छापून आली आणि ती नवलाई म्हणूनच छापली गेली. पुढे १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. दारू खानावळींतून हद्दपार होऊन दिवाणखान्यांत शिरली. उभ्या उभ्या एका हाताने खाता येतील असे लहान घास करून पुढे ठेवण्याला तेव्हा विशेष महत्त्व आले.

या घासांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव 'कॅनापे'. पावाच्या भाजलेल्या लहान तुकड्यावर काही चविष्ट पदार्थ बसवलेला असतो, तो जणू कोचावर बसलेला पाहुणा. म्हणून फ्रेंचांनी त्याला कोचाचेच नाव दिले. परंतु कोचाला तरी ते नाव कोठून आले? ग्रीक भाषेत मच्छरदाणीला जो शब्द होता, तो लॅटिनमध्ये 'कोनोपेउम' झाला, मच्छरदाणी लावलेल्या पलंगाला तो लागू झाला आणि पुढे फ्रेंचमध्ये बसण्याच्या कोचाला. गंमत अशी की हाच लॅटिन शब्द ख्रिस्तसभेने वेदीवरील पवित्र मंजूषेच्या वस्त्रासाठी योजला. मंजूषेवर जो पडदा असतो, त्याचे लॅटिन नाव आजही कोनोपेउमच आहे. पार्टीतला फॅशनेबल घास आणि मंजूषेचा पडदा ही एकाच शब्दाची दोन नातवंडे आहेत, आणि आजोबा मच्छरदाणी! उल्हासनदीच्या काठच्या आमच्या गावांना मच्छरदाणीचे महत्त्व कोणी सांगावयास नको.

आता आपल्या बशीकडे येऊ. तिचे मूळ अगदी निराळे आहे. पोर्तुगीज भाषेत 'कोन्सोआदा' असा शब्द आहे. उपवासाच्या दिवशी रात्री घ्यावयाच्या हलक्या फराळाला तो शब्द वापरीत. पुढे नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला तो चिकटला. गोव्यात त्याच शब्दाचा अर्थ आणखी बदलला आणि नाताळात शेजाऱ्यांकडे पाठवावयाच्या मिठाईच्या ताटाला कोन्सोआदा म्हणू लागले. त्या काळी ख्रिस्तजयंतीचा आदला दिवस कडक उपवासाचा व मांसवर्ज्य असे. कम्युनियन घ्यावयाचे तर त्याआधी अन्नपाणी वर्ज्य करण्याचा नियमही होता. तो १९५३ पासून हळूहळू सैल होत गेला. आदल्या दिवसाच्या उपवासाचे बंधन पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली 'पेनितेमिनि' या फर्मानाद्वारे नवी व्यवस्था आणली तेव्हा उठले. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतलेला माणूस खऱ्या अर्थाने भुकेला असे. रात्री दीड वाजता त्याच्यापुढे पंगत मांडणे शक्य नसे. चार दिवस आधी तळून डब्यांत भरून ठेवलेले, गार झाले तरी चव न सोडणारे, मुलांच्याही हातात मावणारे पदार्थ बशीत घालून समोर येत. आमची बशी अशी उपवासाची लेक आहे. अमेरिकेतील घास मद्याच्या सोबतीला जन्मला, आपला घास उपवास सोडावयास जन्मला.

ही बशी आमच्या तीन गावांत आली ती आगगाडीने. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ साली आली आणि १८५६ साली ती बदलापूरवरून खोपोलीपर्यंत गेली. तरीही अंबरनाथ हे बराच काळ शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलाहारकालीन शिवालयासाठीच ओळखले जाणारे खेडे होते आणि बदलापूर हे भातशेतीचे व जांभळांचे गाव. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्वीडिश भांडवलाच्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीने अंबरनाथला काड्यापेट्यांचा कारखाना काढला. पुढे संरक्षण खात्याचे कारखाने आले, शहाडला सेंच्युरी रेयॉनची गिरणी आली, औद्योगिक वसाहत आली. काड्यापेट्यांचा कारखाना आता राहिलेला नाही, पण 'विम्को' हे नाव अंबरनाथकरांच्या तोंडी अजून आहे. या कारखान्यांच्या भोंग्यांनी ज्यांना बोलावले, त्यांत ख्रिस्ती माणसे कितीतरी होती आणि ती एका गावची नव्हती.

गोवेकर होता. त्याच्या नात्यागोत्यात कोणी बोटीवर स्वयंपाकी, कोणी क्लबात बटलर, कोणी बॅंडवाला. साहेबांच्या मेजवान्या ज्यांनी रांधल्या व वाढल्या त्यांच्याच घरून रिसॉइस, क्रोकेत, पॅटिस हे पदार्थ कामगारांच्या खोल्यांत शिरले. रिसॉइस म्हणजे आत कोळंबीचे दाट सारण घातलेली, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली अर्धचंद्राकृती करंजीच. मुंबई-ठाण्याचे ईस्ट इंडियन होते. या समाजाने राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, हे नाव घेऊन आपली संस्था उभारली. त्यांच्याकडून फुग्या आल्या, बाटली मसाला आला. वसईकर आपले इंदाळ व तांदळाचे प्रकार घेऊन आले. मंगळूरकडच्या घरांत या फराळाला 'कुस्वार' म्हणतात. त्यात किडयो असतात, नेवऱ्या असतात, गुलाबाच्या आकाराची कुकी असते. तीच गुलाबकुकी केरळी घरांत अच्चप्पम. साच्याला पीठ लावून तो तेलात बुडवावयाचा ही युक्ती दोन्हीकडे सारखीच. केरळी बांधवांची येथील संख्या एवढी वाढली की १९८८ साली सिरो-मलबार विधीसाठी कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. नाताळच्या केकचा मानही केरळकडेच जातो. तलश्शेरीच्या एका बेकरीवाल्याने १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्याच्या सांगण्यावरून देशी मद्य व स्थानिक फळे वापरून तो प्रथम भाजला, अशी परंपरा सांगतात.

आणि अहमदनगर जिल्ह्याकडची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडची, तसेच मराठवाड्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबे होती. त्यांच्या नाताळात पोर्तुगीज शब्द नव्हते. शंकरपाळी, करंजी, चिवडा, बेसनाचे लाडू आणि सणाच्या दिवशी पुरणपोळी असा त्यांचा फराळ होता, म्हणजे शेजारच्या हिंदू घरांतील दिवाळीचाच. गोवेकर घरांतून सुरुवातीला या फराळाकडे काहीशा तुच्छतेने पाहिले जाई, हे येथे लिहिणे भाग आहे. आमच्या समाजात चर्चच्या बाकांवरही प्रांत दिसत असत. ते बशीत दिसले नाहीत तरच नवल. पण तळणीपुढे हा अहंकार टिकण्यासारखा नाही. मैदा, साखर, थोडे तूप आणि नारळाचे दूध मळून ती गोळी फणीवर दाबून गुंडाळली की कुलकुल होते. नारळाऐवजी गाईचे दूध घालून तेच पीठ लाटून कातण्याने कापले की शंकरपाळी होते. कुलकुल आणि शंकरपाळी या एकाच पिठाच्या बहिणी आहेत. करंजी आणि नेवरी यांचे नाते तर सांगावयासही नको. कामगार वसाहतीच्या सामाईक व्हरांड्यात दोन स्टोव्ह शेजारी शेजारी लागले, तेव्हा ही नाती बायकांना आधी कळली. प्रवचनांतून ती बऱ्याच उशिरा सांगितली गेली.

भाषेनेही आधीच हे केले होते. पाव, बटाटा, काजू, अननस हे शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले. ज्याच्यावर सारे खर्चाचे गणित बसवावयाचे तो 'पगार' हा शब्दही त्यांचाच.

उल्हासनगरची कथा वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या उभ्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना त्या ओस पडलेल्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे उल्हासनगर वसले. सिंधी समाज ख्रिस्ती नव्हे. तरीही आमच्या नाताळच्या बशीच्या इतिहासात त्याला वगळता येत नाही. बराकीत सामान नसलेल्या, शेती-दुकान मागे टाकून आलेल्या त्या घरांनी आपली एक रीत सोडली नाही : दारी आलेल्याला पापड आणि पाणी द्यावयाचे. स्त्रियांनी पापड लाटून, लोणची घालून संसार सावरले, आणि सिंधी पापड हे या गावाचे नाव झाले. विचार केला तर याहून स्वस्त आणि याहून डौलदार 'स्टार्टर' जगात क्वचितच असेल. दुसरी देणगी टुकची. बटाट्याचा उकडीव तुकडा एकदा मंद तळावयाचा, तळहाताने दाबून चपटा करावयाचा, पुन्हा कडक तळावयाचा, वर तिखट, धने, आमचूर. दोनदा तळण्यात केवळ चवीचा विचार नाही. पहिली तळणी दुपारी उरकून ठेवता येते, दुसरी पाहुणे आल्यावर पाच मिनिटांत होते. यजमानीण मग स्वयंपाकघरात अडकून पडत नाही.

या सर्व कुटुंबांना एकत्र बांधणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे टंचाई. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झाले. महायुद्धाच्या वर्षांत साखर ही तोलून मिळणारी वस्तू झाली. स्वातंत्र्यानंतर काही काळ बंधने उठली, पुन्हा आली. १९६५-६६ च्या दुष्काळी वर्षांत परदेशातून आलेला गहू आणि 'मिलो' नावाची लाल ज्वारी रेशनच्या रांगेत मिळत होती. जेवणावळीतील पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे सरकारी आदेशही त्या दशकात निघाले. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा वर्षांत नाताळची साखर ही महिनाभर आधी काळ्या चहाची सवय लावून शिल्लक टाकावी लागे. पंगत परवडत नसे, बशी परवडे.

कटलेटचा विचार करा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ बरगडीचा मांसल तुकडा. आपल्याकडे येता येता तो तुकडा नाहीसा झाला आणि खिमा, उकडलेला बटाटा, शिळ्या पावाचा चुरा यांची टिकी तेवढी उरली. हे नक्कल फसल्याचे लक्षण नसून एका किलो मांसात दुप्पट माणसांना मान देण्याची ती रीत आहे. क्रोकेतचे तेच. रविवारच्या भाजलेल्या मांसाचा उरलेला भाग कुटून सोमवारी त्याचे क्रोकेत होत. पॅटिसमधील सारणाहून बटाटा अधिक असे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आज 'एलिगंट' म्हणून ज्याची जाहिरात होते त्या एका घासाच्या पदार्थांमागे बहुधा अशी एखादी काटकसर लपलेली आहे. लहान आकार हा दिसावयास सुबक असतो हे खरे, पण तो प्रथम आला तो सर्वांना सारखे मिळावे म्हणून. सारख्या आकाराच्या पन्नास टिकींत कोणाला मोठा वाटा आणि कोणाला लहान, हा प्रश्नच उरत नाही.

मद्याचा इतिहासही याच काळात घडला. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून पूर्ण बंदी आली. पवित्र मिस्सेला लागणाऱ्या द्राक्षारसासाठी कायद्यात वेगळी तरतूद ठेवली गेली. बाकी ख्रिस्ती घरांतील पेले मात्र एकदम रिकामे झाले. काहींनी परवाने काढले, काहींनी चोरून हातभट्टीची वाट धरली आणि त्यात काही संसार बुडाले. हा भाग आपण नाताळच्या गोड आठवणींत सांगत नाही, पण तो घडला आहे. बहुतेक घरांनी आल्याचा तिखटगोड रस, लिंबू, कोकम यांवर भागवले. आल्याच्या त्या रसाला 'जिंजर वाइन' म्हणत, त्यात वाइन नावापुरतीच. म्हणजे अमेरिकेत दारूबंदीने घासांना पेल्याच्या सोबतीला आणले, आमच्याकडे दारूबंदीने पेला बाजूला सारला आणि बशी एकटीच उरली. तिला स्वतःच्या चवीवर उभे राहावे लागले. १९६० च्या दशकापासून बंदी सैल होत गेली आणि पेला परत आला. तेव्हापासून बशीला 'चाखणा' म्हणण्याची पद्धत पडली आहे. आम्हांस तो शब्द रुचत नाही. ज्या बशीने उपवास सोडला, तिला दारूची दासी कशाला करावी?

बशांच्या देवाणघेवाणीबद्दल आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ गोड लिहिले गेले आहे. हातरुमालाने झाकलेली बशी घेऊन मुले दारोदार फिरत, आणि दिवाळीत शेजारच्या घरांतून तशीच बशी आपल्याकडे येई. हे सारे खरे आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. आलेले भांडे रिकामे परत करू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. ज्या घरात टाळेबंदीमुळे पगार थांबला असेल किंवा कर्ता पुरुष नसेल, त्या घराला दहा बशा आल्या म्हणजे दहा बशा भरून देण्याचे ओझे होई. त्यावर शहाण्या बायकांनी उपाय काढला होता : परतीच्या बशीत चमचाभर साखर घालावयाची. साखर घातली की बशी भरली. देणाऱ्याची अब्रू राहिली, घेणाऱ्याने काही बोलावयाचे नाही. आजच्या पार्ट्यांत ही चमचाभर साखर हरवली आहे. तोलामोलाची पार्टीच परत द्यावी लागते, आणि न देऊ शकणारा आपोआप बाहेर पडतो. काना गावच्या लग्नघरी द्राक्षारस संपला तेव्हा पवित्र मरियेच्या ध्यानात आधी आली ती यजमानांची होणारी फजिती. तेथे सोय झाली आणि ती कोठून झाली हे भोजनप्रमुखालाही कळले नाही. गरिबाच्या घरचा समारंभ सांभाळावयाचा तो असा, गाजावाजा न करता.

तेव्हा यंदा समूहाच्या पंचवीस माणसांना संध्याकाळी बोलवावयाचे असेल तर काय करावे, ते या इतिहासाच्या आधारे मांडतो. प्रथम ठरवावे की मागून जेवण आहे की नाही. जेवण असेल तर माणशी चार-पाच घास पुरतात. बशी हेच जेवण असेल तर दहा ते बारा लागतात. आम्ही दुसरा मार्ग धरू, कारण तोच आपला जुना मार्ग आहे. माणशी दहा म्हटले तर अडीचशे नग होतात. त्यासाठी दहा पदार्थांचा हव्यास धरू नये. पाच पदार्थ, प्रत्येकी पन्नास. पदार्थ वाढले की प्रत्येकाचे सामान थोडे थोडे उरते आणि खर्च तेथेच गळतो. पाचांतील एकच मांसाचा असावा, दोन बटाटा-पाव-अंडे यांचे, एक मासळीचा, एक गोड. दोन गरम, बाकी गार. दोनांहून अधिक पदार्थ गरम वाढावयाचे ठरवले की घरातील बाई पार्टीला मुकते, हे आम्ही इतक्या घरांत पाहिले आहे की याविषयी वाद घालण्याची आमची तयारी नाही.

मांसाचा मान कटलेटला द्यावा. एक किलो खिमा शिजवून आटवला की घटतो. त्यात सव्वा किलोभर उकडलेला बटाटा मिसळला तर साधारण चाळीस ग्रॅमच्या पन्नास टिकी सहज होतात. आदल्या दिवशी वळून, पावाच्या चुऱ्यात घोळवून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. दुसरा गरम पदार्थ टुक : पंचवीस लहान बटाटे, प्रत्येकाचे दोन तुकडे. पहिली तळणी दुपारी करावी. गारमध्ये अंडी घ्यावीत. पंचवीस अंडी उकडून अर्धी करावीत, पिवळा बलक काढून तो मोहरी, मिरे व थोड्या व्हिनेगरने कालवून परत भरावा. पन्नास नग तयार. चौथा पदार्थ हा आमच्या गावांचा खास कॅनापे समजावा. सिंधी पापड भाजून गरम असतानाच चौकोनी तोडावा, किंवा पावाची भाकरी कापून घ्यावी. पावाचे तेरा काप, कडा काढून प्रत्येकी चार चौकोन, म्हणजे बावन्न तुकडे. तव्यावर कोरडे भाजावेत. त्यावर सुकटीची कोशिंबीर : भाजलेली सुकट, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू. सुकट ही गरिबाची मासळी म्हणून बाजूला टाकलेली वस्तू, पण चमचाभर सुकट दहा तुकड्यांना समुद्राची चव देते. कोशिंबीर अगदी शेवटी घालावी, नाही तर पाव ओला होऊन सारी शोभा जाते. काढलेल्या कडा वाळवून कुटल्या की कटलेटचा चुरा विकत आणावा लागत नाही. सुकट न चालणाऱ्यांसाठी काही तुकड्यांवर हिरवी चटणी व काकडी ठेवावी.

गोडाला कुलकुल आणि शंकरपाळी एकाच ताटात ठेवावीत. ती आठवडाभर आधी होतात आणि त्यासाठी केटरर नको, चार हात हवेत. येथेच समूहाचा खरा उपयोग आहे. पाच पदार्थ पाच घरांनी वाटून घ्यावेत. मात्र वाटणी करताना ज्या घराची ओढाताण आहे त्याला पैशांचा पदार्थ न देता कामाचा द्यावा : सामान दुसऱ्याचे, वळणे-तळणे त्यांचे. ताटावर कोणाचे नाव नसावे. म्हणजे कोणी खिमा आणला आणि कोणी नुसती फणीवर कुलकुले वळली, हे पाहुण्यांना कळण्याचे कारण उरत नाही.

मांडणीसाठी भाड्याची चांदीसारखी ताटे नकोत. स्वच्छ केळीची पाने कापून स्टीलच्या परातीत अंथरली की कटलेटचा तांबूस रंग त्यावर उठून दिसतो. बशा ज्याच्या त्याच्या घरच्या, वेगवेगळ्या नक्षीच्या असल्या तरी शोभतात. कागदी बशा व पेले घ्यावयाचेच तर उल्हासनगरच्या घाऊक बाजारातून आणावेत. सर्व घास सहा वाजताच बाहेर मांडू नयेत. तिसरा हिस्सा आत राखून ठेवावा. उशिरा येणारे बहुधा दुसऱ्या पाळीचे कामगार किंवा गर्दीच्या लोकलमधून सुटलेले नोकरदार असतात आणि त्यांच्या वाट्याला रिकामी परात येऊ नये.

पेयांत कोकम आणि आल्याचा रस आहेतच. बदलापूरकरांनी जूनमध्ये जांभळाचा रस साखरेत आटवून बाटल्यांत भरून ठेवावा; डिसेंबरात थंड पाणी, मीठ व मिऱ्याची चिमूट घालून त्याचा जो रंग येतो, त्यापुढे विकतचे कॉकटेल फिके पडते. कोणास मद्य ठेवावयाचेच असेल तर कायदा ध्यानात असू द्यावा. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी वयाची अट एकवीस आहे आणि कडक मद्यासाठी पंचवीस. सभागृहात मद्य द्यावयाचे तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो. ते वेगळ्या टेबलावर असावे, आणि बशी त्या टेबलापासून दूर, आजी-आजोबा व मुले बसतात तेथे. पार्टी संपण्याची वाट न पाहता आठ वाजण्याच्या सुमारास एक डबा भरावा : दोन कटलेट, दोन अंडी, मूठभर कुलकुल. समूहातील जे आजारपणामुळे जिना उतरू शकत नाहीत, त्यांच्या घरी तो गरम असतानाच एखाद्या मुलाच्या हाती पाठवावा आणि डबा परत आणण्याची घाई करू नये, असे त्या मुलाला आधीच सांगून ठेवावे.